सायकलीत खोट नाही

मंदाबाईचं तोंड वाईट, हे पारोळ्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. बाजार समितीच्या रस्त्याला तिची निळी टपरी आहे. तिथं सायकल नेणारा माणूस आधी दोन शिव्या खातो, मग त्याचं काम होतं. ‘पंक्चर झाली’ म्हणालात तर ‘मग काय वाजंत्री लावू?’ असं उत्तर येतं. तरी लोक जातात, कारण तिनं आवळलेला नट वर्षभर जागचा हलत नाही.

नवरा देवचंद होता तोवर ती त्याच्या हातात पाने द्यायची. तो गेला, आणि आठवडाभरात तिनं स्वतः टपरी उघडली. त्याला नऊ वर्षं झाली. देवचंदकडेच काम शिकलेल्या पुनानं महिना उलटायच्या आत रस्त्याच्या समोरच्या अंगाला दुकान टाकलं आणि वेल्डिंगचं मशीनही आणून बसवलं. ‘बाईच्या हातची सायकल किती दिवस चालणार?’ असं तो तेव्हा चार लोकांत बोलला होता. तेव्हापासून मंदाबाई त्याला पाण्यात पाहते. वेल्डिंगचं काम आलं तर गिऱ्हाइकाला ती थेट अमळनेरचा रस्ता दाखवते, पण समोर बोट करत नाही.

आता एक गोष्ट, जी पुनालाही ठाऊक नव्हती. मंदाबाईला सायकल चालवता येत नव्हती. देवचंद होता तेव्हा दुरुस्त झालेल्या सायकलीवर तोच एक चक्कर मारून यायचा. तो गेल्यावर ती सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल हातानं गरगर फिरवायची, कान लावून आवाज ऐकायची आणि ‘सायकलीत खोट नाही’ असं सांगून मोकळी व्हायची. पंचावन्नाव्या वर्षी भर रस्त्यात सायकल शिकायची कुणी, आणि तीही पुनाच्या डोळ्यांदेखत? शंभरात नव्व्याण्णव वेळा तिचं बरोबरच निघायचं. उरलेली एक वेळ सारिकाची निघाली.

सारिका अकरावीला होती. आठ किलोमीटरवरच्या गावातून सायकलीनं कॉलेजला यायची. तिच्या सायकलीची चेन पडायची. पहिल्यांदा आली तेव्हा मंदाबाईनं चेनची एक कडी काढून ती कसली. दुसऱ्यांदा नवीन चेन टाकली. तिसऱ्यांदा मागचं फ्रीव्हील बदललं आणि पुढची चक्री ठोकून सरळ केली. तिन्ही वेळा स्टँडवर चेन रेशमासारखी फिरली.

“अक्का, स्टँडवर नही पडत. पुलना चढवर पडस,” सारिका दर वेळी सांगायची.

“चढवर सगळ्या सायकली रडतस. तेल टाकत जाय,” असं म्हणून मंदाबाई पुढच्या गिऱ्हाइकावर ओरडायला वळायची. पोरीचं ऐकून घ्यायला तिला कमीपणा वाटायचा, खरं ते हेच.

चौथ्यांदा चेन पडली ती पुलावरच, संध्याकाळी. मोटरसायकलवरून जाणारा एक पोरगा थांबला आणि त्यानं चेन बसवून दिली. पाच मिनिटांचं काम. पण सारिका घरी पोचायच्या आधी ती गोष्ट तिच्या घरी पोचली होती, आणि वाटेत तिला चांगली चार-पाच शेपटं फुटली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप वना सायकल आणि पोरगी दोघींना घेऊन टपरीवर आला. वाटेतच्या दोन-चार माणसांनीही पाय रोखले. भांडण फुकटात मिळत असेल तर कोण सोडतो?

“अक्का, माले एकच सांग. या सायकलमा खोट शे का नही?”

मंदाबाईनं सायकल स्टँडवर घेतली. पायडल फिरवलं. चेन सुरळीत फिरली. समोरून पुना बघत होता, हेही तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

“खोट नही. मन्हा हातनी सायकल शे ती.”

“आयकं?” वना पोरीकडे वळला. “मंग चेन तूच पाडस. त्या पोऱ्याले भेटाकरता.” आणि त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, तिच्या थोबाडीत दिली.

सारिका रडली नाही. तिनं फक्त मंदाबाईकडे पाहिलं. मंदाबाईच्या ओठावर शब्द आला होता, नाही असं नाही, पण तो तिनं गिळला. बाप-लेकीच्या मध्ये आपण कशाला पडा, असं तिनं स्वतःला समजावलं. वनानं सायकल विकायला तिथंच टाकली. “रईवारले येस मी. गिऱ्हाईक देखी ठेव. कॉलेज बी बंद आते,” एवढं सांगून तो पोरीला घेऊन गेला.

गुरुवारी सारिका एसटीनं एकटीच आली. कॉलेजची पुस्तकं परत करायच्या निमित्तानं बाहेर पडली होती. सरळ टपरीसमोर येऊन उभी राहिली. गालाचा वळ गेला होता, राग गेला नव्हता.

“अक्का, तू बस सायकलवर नी पुलवर चालाडी देख. मंग सांग, खोट नही.”

“तुना बापनी नोकर शे का मी?” मंदाबाई ओरडली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. पोरगी जागची हलली नाही. तिनं सायकलीकडे पाहिलं, मंदाबाईच्या हाताकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं.

“तुले येत नही,” ती म्हणाली.

हातातला पाना हिच्या डोक्यात घालावा, असं मंदाबाईला क्षणभर वाटलं. नऊ वर्षं झाकलेली गोष्ट सोळा वर्षांच्या पोरीनं उभ्या उभ्या ओळखली होती. तिनं समोर पाहिलं. पुना खाली मान घालून काहीतरी घासत होता.

“हळू बोल,” ती म्हणाली. “तू चालाड. मी मांगे बसस.”

पारोळ्याच्या बाजारानं तो देखावा डोळे भरून पाहिला. पुढे दात-ओठ खाऊन पायडल मारणारी पोरगी आणि मागं कॅरियरवर बसून, मान खाली घालून चेनकडे एकटक बघणारी मंदाबाई. पोरं हसली. मंदाबाईनं त्यांना खाली मानेनंच शिव्या दिल्या. पुलापर्यंत चेनला काहीही झालं नाही.

चढ लागला. सारिका पायडलवर उभी राहिली, सगळा भार पायात आला, आणि मंदाबाईला ते दिसलं. पायडलच्या आसापासून मागच्या चाकाकडे जाणारी जी नळी असते, तिच्यावर रंगाखाली केसाएवढी चीर होती. भार आला की ती नखाएवढी उघडायची, चाक तिरकं व्हायचं आणि चेन दात सोडायची. भार गेला की चीर मिटून जायची. रिकाम्या सायकलीचं पायडल हातानं जन्मभर फिरवलं असतं तरी ती दिसली नसती. कडकन आवाज आला, चेन पडली, आणि दोघी पुलाच्या कठड्याला धडकता धडकता थांबल्या.

मंदाबाईनं खाली बसून चीर बोटानं चाचपली. आत गंज होता. चीर आजकालची नव्हती, महिन्यांची होती. तिनं त्या सायकलीला शिव्या दिल्या, चालवायला शिकवायच्या आधीच मरून गेलेल्या देवचंदला दिल्या. तिला लाज वाटत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशीचा दोर तिनंच वळून दिला होता.

सारिकाला एसटीत बसवून तिनं सायकल हातानं ढकलत आणली आणि पुनाच्या दारात उभी केली.

“आज अमळनेर बंद शे का?” पुनानं विचारलं.

“तोंड कमी चालाड. वेल्डिंग कर.”

पुनानं चीर पाहिली, आतला गंज पाहिला. “ही तं लई जुनी शे. तुले दिसनी नही?”

मंदाबाईनं तोंड फिरवलं. नेहमीची शिवी आली नाही, याचाच पुनाला जास्त आनंद झाला. काम मात्र त्यानं चोख केलं. ते तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याचाही तिला राग आला.

रविवारपर्यंतच्या तीन रात्री तिनं तळमळत काढल्या. वाट सोपी होती. वनाला सांगायचं, ‘नळी काल-परवा तडकली, मी दुरुस्त करवली.’ पुना बोललाच तर त्याच्या बोलण्याला वैराचं म्हणून धकवता आलं असतं. टपरीचं नाव राहिलं असतं. पण मग आधीच्या चार वेळा चेन कुणी पाडली? पोरीनं. ते तसंच राहिलं असतं, आणि कॉलेजही बंदच राहिलं असतं.

रविवारी बाजाराच्या गर्दीत वना आला. मागं सारिका होती.

“गिऱ्हाईक भेटनं का?”

“सायकल ईकू नको,” मंदाबाई म्हणाली. तिनं वेल्डिंगची जागा दाखवली. “नळी तडकेल व्हती. पहिला दिवसपासून. चेन तुनी पोर पाडत नव्हती.”

वनाला आधी कळलंच नाही. मग कळलं. “तीन येळा तू सांगं, खोट नही.”

“न देखता सांगं. माले सायकल चालाडता येत नही. नऊ वरीस मी स्टँडवर फिरायीसन देस.” हे तिनं मोठ्यानं म्हटलं, कारण हळू म्हणाली असती तर तिला ते पुन्हा म्हणता आलं नसतं.

समोर पुनाची हातोडी थांबली. हवा भरायला थांबलेला एक जण हसला. दुसऱ्यानं आपली सायकल हळूच मागं ओढली.

“तुना भरवसावर मी पोरवर हात टाका!” वना गरजला.

“हात तुना व्हता, वनाभाऊ. साक्ष मन्ही व्हती.”

वनाला राग कुठं ठेवावा ते सुचेना. त्यानं मंदाबाईला भर बाजारात नाही नाही ते ऐकवलं, टपरीला लाथ मारली, आणि तिनं ते उभ्यानं ऐकून घेतलं. शेवटी पोरीकडे न बघता तो म्हणाला, “उद्यापासून जाय कॉलेजले.”

सारिकानं सायकलीचं हँडल धरलं. मंदाबाई पुढे झाली. आता पोरगी काहीतरी बरं बोलेल, असं तिला वाटलं होतं. एवढं सगळं चार लोकांत कबूल केलं, त्याचं काहीतरी मोल असेल, असंही वाटलं होतं.

“अक्का,” सारिका म्हणाली, “तुनं बोलणं तू परत घेतलं. मन्हा बापनी थापड कोन परत घेई?”

ती सायकलवर बसली आणि बापाची वाट न बघता पुलाच्या दिशेनं निघून गेली.