पुजलेला पट्टा

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. त्या सकाळी हरिबा शेलारांनी शिरूरच्या एका दुकानात चौतीस हजार सातशे पन्नास रुपये दिले आणि बायकोला घरातल्या घरात चालता यावं म्हणून ट्रेडमिल विकत घेतली. वडगाव रासाईत तोवर त्यांच्या ओळखीत कोणाकडे असली वस्तू नव्हती. ती टेम्पोत चढवताना शेजारच्या रसवंतीवाल्यानं विचारलं, "आबा, वजनकाटा घेतला व्हय?"

"व्हय," हरिबा म्हणाले. "पहिलं तुलाच तोलतो."

चेष्टेला चेष्टेनं उत्तर द्यायची त्यांची रीत होती, पण मनातून ते घाबरले होते. बायकोला, धुरपदाबाईंना, बऱ्याच वर्षांपासून साखर होती. त्यांच्या थोरल्या बहिणीलाही साखरच होती. टाचेत बाभळीचा काटा मोडल्याचं निमित्त झालं आणि पाय गुडघ्यापासून गेला. शेवटी शेवटी ती बहीण दिवसभर ओसरीवर बसून असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलास का रं?" म्हणून विचारायची आणि स्वतःला ताटापर्यंत कोणी उचलून नेईल याची वाट पाहायची. भाद्रपदात धुरपदाबाईंची साखर तपासली, तर कधी नव्हे इतकी चढलेली. दौंडच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हरिबांकडे वळून म्हणाले, "नुसत्या गोळ्या वाढवून भागायचं नाही. यांना रोज चालवा. नाहीतर बहिणीचं झालं ते यांचं व्हायला वेळ लागायचा नाही."

चालवा, हे हरिबांना समजावून सांगायची गरज नव्हती. दौंडला रेल्वेत ते चावीवाले होते. खांद्यावर हातोडी आणि लाल-हिरवी निशाणं घेऊन रुळाच्या कडेनं रोज ठरलेला टप्पा पायी तुडवायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, कुठं रुळाला तडा गेलाय का ते बघायचं, हीच त्यांची नोकरी. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा गुडघे शाबूत होते, रक्तदाब नव्हता, साखर नव्हती. हे सगळं चालण्याचं फळ आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. घरात कोणाचं डोकं दुखलं तरी ते म्हणायचे, "जरा चालून ये, उतरंल."

डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ते बायकोला घेऊन नदीच्या रस्त्यानं निघाले. ते पुढं, धुरपदाबाई मागं, दोन्ही बाजूंना उभा ऊस. काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं त्यांच्या पुढं पळत होतं, ते बिबट्यानं त्यांच्यादेखत उचललं. कुत्रं ओरडलंसुद्धा नाही. उसात जरा पाचट वाजलं आणि रस्ता रिकामा झाला. धुरपदाबाई तिथंच धुळीत बसल्या. वन खात्यानं ओढ्याकाठी पिंजरा लावला, आत शेळी बांधली. शेळी रोज ओरडायची, बिबट्या काही यायचा नाही. दिवस मावळला की गावाची दारं बंद, ती उन्हं वर आल्यावरच उघडायची. दुपारी निघावं तर उन्हानं धुरपदाबाईंना भोवळ यायची.

"आबा, घरात चालायचं मशीन मिळतं," सून शितल म्हणाली. मुलगा विनोद रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर असायचा, त्यामुळं घरातल्या अडल्या कामाला शितलच तोंड फोडायची. "शिरूरला दुकान हाय. तुम्ही बघून तरी या."

दुकानाचा मालक सत्यजीत तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं खालच्या मजल्यावरची यंत्रं एकेक करून दाखवली. पट्टा फिरतो आणि माणूस जागीच चालतो, ती ट्रेडमिल. दोन दांडे धरून हातपाय मागंपुढं करायचे, तो क्रॉस ट्रेनर. आणि जागेवरची सायकल. तिच्यातही एक नेहमीची आणि एक खुर्चीसारखी, पाठ टेकून पाय मारायची.

"मावशींच्या पायाला मुंग्या येतात का?" त्यानं विचारलं.

"मुंग्या न्हाईत. उलट चटका बसला तरी समजत न्हाई तिला. परवा चुलीतला निखारा पायावर पडला, तर वास आल्यावर कळलं."

सत्यजीत गंभीर झाला. "मग ही पाठीची सायकल न्या आबा. पडायची भीती नाही, लाइट गेली तरी चालते, आणि तळव्याला घासत नाही. किंमतही निम्मी."

हरिबा सायकलीवर बसले, दोनचार पायडल मारली आणि उतरले. "बसून कुठं चालणं हुतं व्हय रं? डॉक्टर 'चालवा' म्हणालाय. 'बसवा' न्हाई म्हणाला."

"साखरेला रस्ता कळत नाही आबा. पायानं काम केलं, दम लागला, की झालं."

"तू धंदा कर. चालायचं मला शिकवू नगं." क्रॉस ट्रेनरकडं त्यांनी नुसती मान वळवली. "आन् त्याच्यावर चढवली तर म्हणंल, मला ताक घुसळायला लावलंया."

सत्यजीत हसला. महाग वस्तूच पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी कोणता दुकानदार किती भांडणार? व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून त्यानं स्टॅबिलायझर घ्यायला लावला. पैसे घेताना मात्र एक गोष्ट त्यानं दोनदा बजावली. "बूट घालूनच चढायचं. मऊ तळाचे. साखरेच्या माणसानं अनवाणी पाय पट्ट्यावर ठेवायचा नाही, एवढं ध्यानात ठेवा." हरिबांनी लगोलग समोरच्या दुकानातून पांढरे बूट घेतले. बायकोचं माप त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी वीत टेकवून दाखवली आणि बूट बरोबर बसले.

दसऱ्याला घरात येणारी वस्तू पूजेशिवाय वापरात येत नाही. विनोदची मोटरसायकल, हरिबांची जुनी हातोडी, शितलचं शिलाई मशीन, सगळं ओसरीवर ओळीनं मांडलेलं होतं. ट्रेडमिल शेवटी ठेवली. शितलनं तिच्या दांड्याला झेंडूचा हार घातला. धुरपदाबाईंनी काळ्या पट्ट्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, आपट्याची पानं ठेवली, नारळ फोडला आणि गुडघे टेकून पट्ट्याला कपाळ लावलं. "माझं पाय शाबूत ठिव गं माय," असं त्या म्हणाल्या, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबांनी बूट पुढं ठेवले.

"हे काय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"बूट. घाल, आन् चढ."

"काल ज्याच्यापुढं नारळ फोडला, त्याच्यावर आज पायतान घेऊन चढू? डोकं फिरलंय का तुमचं?"

"अगं, दसऱ्याला आमी रुळापुढं बी नारळ फोडायचो. आन् दुसऱ्या दिवशी बूट घालून त्याच्यावरनंच चालायचो."

"ते सरकारचं हुतं. हे माझ्या घरातलं हाय."

"सत्यजीत म्हणाला—"

"तो सत्यजीत काय माझा भटजी हाय? पाय लावायचा तर लावते, तेवढा दोष माफ हाय. पायतान न्हाई लावायचं."

शितल दारातून म्हणाली, "आत्या, निदान मोजे तरी घाला."

"मोज्यावर घसरून पडले, मग तू येशील का उचलायला?"

हरिबांनी बूट कोनाड्यात ठेवले. त्यांना वाटलं, आज अनवाणी चढू दे, चार दिवसांत हळूहळू समजावू. धुरपदाबाईंनी पदर खोचला, दांडा घट्ट धरला आणि पट्टा फिरायला लागताच "अगं बाई, जमीन पळाया लागली!" म्हणून किंचाळल्या. मग हसू लागल्या. त्यांना इतकं हसताना घरात फार दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं. हसताना त्यांना बुटांची आठवण कोण करून देणार?

चार दिवस गेले, आठवडा गेला. धुरपदाबाई सकाळसंध्याकाळ चढायच्या. चालता चालता शेजारणीशी खिडकीतून बोलायच्या. "कुठं निघालाव काकू?" असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "दौंडला. वाटंत हाय अजून." दिवाळीत साखर तपासली, तर चांगली उतरलेली. डॉक्टर खूश झाले. हरिबांनी येताना स्टेशनजवळ भेळ खाल्ली आणि बायकोला चुरमुरे वेचून दिले. बुटांचा विषय त्यांनी काढला नाही. चालणारी गाडी कशाला अडवायची, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण कोनाड्याकडं बघायचं ते टाळत होते, हेही खरं.

थंडी पडायला लागली तशी शितलला पट्ट्यावर तांबूस डाग दिसायचे. ओल्या फडक्यानं ती पुसून काढायची. पूजेचं कुंकू अजून निघतंय, असं तिला वाटलं. हरिबांनीही डाग पाहिले होते. त्यांनाही तसंच वाटलं. पट्टा फिरून फिरून कुंकवाची पाच बोटं सगळीकडं पसरली होती, आणि डागही तसेच पट्टाभर उमटत होते. देवाच्या कुंकवाला कोण कशाला वाकून बघतो?

एका दुपारी धुरपदाबाई मोरीतून स्वयंपाकघरात गेल्या. शहाबादी फरशीवर ओल्या पावलांची ओळ उठली. डावं पाऊल पाण्याचं होतं, उजवं तांबूस होतं. हरिबा बाजेवरून उठले.

"धुरपदा, बस इथं. पाय दाव."

"काय झालं?"

"दाव म्हणतो ना!"

त्यांनी तिचा तळवा उजेडाकडं धरला. अंगठ्याच्या मुळाशी कातडी गोल निघाली होती. आत काळं होतं, कडेला पिवळं, आणि वास येत होता.

"दुखतंय का?"

"न्हाई," धुरपदाबाई म्हणाल्या. "काहीच न्हाई." आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू बहिणीचा चेहरा उतरत गेला.

विनोदला फोन करून बोलावलं आणि गाडी करून त्याच दिवशी दौंड गाठलं. डॉक्टरांनी जखमेत सळई घातली, ती हाडापर्यंत गेली. धुरपदाबाई वर पंख्याकडं बघत होत्या. त्यांना काही समजलं नाही. हरिबांना समजलं.

"कशानं झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालून," हरिबा म्हणाले. "मशीनवर. अनवाणी."

"अनवाणी कोणी सांगितलं होतं?"

धुरपदाबाईच म्हणाल्या, "मीच न्हाई ऐकलं सायेब. ह्यांनी बूट आणलं, सांगून सांगून कटाळले."

हे ऐकून हरिबांना जास्त लागलं. कंटाळण्याइतके ते बोललेच कुठं होते? एकदा बोलले आणि गप्प बसले. रुळाला केसाएवढा तडा दिसला तरी ते लाल निशाण रोवून गाडी थांबवायचे, मागून साहेब कितीही ओरडो. घरात मात्र गाडी बरी चाललीय म्हणून त्यांनी निशाण गुंडाळून ठेवलं होतं.

अंगठा काढावा लागला. पाय वाचला, पण डॉक्टर "वाचला" म्हणत नव्हते, "सध्या" म्हणत होते. जखम भरायला शिमगा जवळ आला. त्या सगळ्या महिन्यांत धुरपदाबाई ओसरीवर बसून होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलास का रं?" म्हणून विचारू लागल्या होत्या. पहिल्यांदा ते कानावर आलं तेव्हा हरिबा उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. बसून राहिल्यानं साखर पुन्हा चढायला लागली. डॉक्टर म्हणाले, "पायावर भार न देता व्यायाम पाहिजे. बसून पाय मारायची सायकल असली तर बघा."

हरिबा पुन्हा शिरूरला गेले. सत्यजीतनं सगळं ऐकून घेतलं. "मी म्हणालो होतो," एवढं तो म्हणू शकला असता, पण म्हणाला नाही. त्यानं ट्रेडमिल परत घेतली. पट्टा बदलावा लागणार म्हणून किंमत फारच कमी आली. पाठीची सायकल त्यानं दिली आणि राहिलेले पैसे सवडीनं द्या म्हणाला.

टेम्पो दारात आला तेव्हा हरिबांच्या पायात रेल्वेचे जुने काळे बूट होते. सकाळीच त्यांनी ते माळ्यावरून काढले होते. सायकल ओसरीवर उतरली तशी आतून धुरपदाबाईंची हाक आली, "थांबा, ताट आणतीय शितल! हात लावू नका!"

हरिबा सायकलीवर बसले. बुटांनिशी दोन्ही पाय पायडलवर ठेवले आणि जोरजोरात मारू लागले. बुटांचा वाळलेला चिखल फरशीवर पडत होता.

काठी टेकत धुरपदाबाई दारात आल्या. मागं शितल, हातात हळदीकुंकवाचं ताट. "अहो! अहो, हे काय चालवलंय? उष्टावली की हो तुम्ही!"

"उष्टावली," हरिबा पाय न थांबवता म्हणाले. "आता हिच्यापुढं नारळ न्हाई फुटायचा."

"देवाधर्माची लाज सोडली का?"

"सोडली. सगळा दोष माझ्या डोक्यावर. तू फकस्त बूट घाल."

धुरपदाबाईंनी ताट परत न्यायला सांगितलं. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शितलनं कोनाड्यातले पांढरे बूट काढले, उजव्या बुटात अंगठ्याच्या जागी कापूस भरला आणि त्यांच्या पायात चढवले. त्या सायकलीवर बसल्या. दौंडला निघाले, असं त्या आता म्हणत नाहीत. भिंतीकडं बघत पाय मारतात.

रोज संध्याकाळी हरिबा त्यांचे दोन्ही तळवे बॅटरीच्या उजेडात बघतात. रुळावर हातोडी मारली की तडा आवाजातून कळायचा. पायाला तसा आवाज नसतो, आणि धुरपदाबाईंना विचारून उपयोग नसतो. मागच्या आठवड्यात डाव्या टाचेला एक भेग दिसली. डॉक्टर म्हणाले, "लक्ष ठेवा." साखर थोडी उतरली आहे.

सायकलीच्या हिशेबातले बाराशे रुपये सत्यजीतला अजून द्यायचे राहिले आहेत.