गवतमामा कॉफीला जातात

"मी नाही बसणार त्या टोळक्यात! भर कामाच्या वेळेत कॉफी ढोसायची आणि खिदळायचं, याला संशोधन म्हणतात?"

"मग नको बसूस! सोमवारी तुझी जागा जातेय, मामा. जागा!"

"माझं काम बोलेल."

"कुणाशी? त्या तळघरात चिटपाखरू फिरकत नाही."

भाची इथल्याच इस्पितळात नर्स. ड्यूटीवरून येऊन बूटही न काढता भांडायला उभी राहिली होती. मामा कांदा चिरत होते, पट्टीनं मोजल्यासारखा.

मामांचं वय त्रेचाळीस. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी.ला बसलेले. विषय गवत, म्हणून सगळं खानदान त्यांना गवतमामा म्हणतं. या परक्या देशातल्या विद्यापीठाच्या तळघरात कागदांवर चिकटवलेली शंभर वर्षांपूर्वीची गवतं आहेत. दुसरीकडे कुठे ती मिळत नाहीत. असे चौदाशे कागद पाच महिन्यांत तपासले तर प्रबंध पुरा. कॉलेज पुन्हा रजा देणार नव्हतं, तसं लेखीच होतं.

मामांनी आदर्श विद्यार्थी व्हायचं ठरवलं आणि तिथेच घात झाला. सकाळी सातला झाडूवाल्या बाईंबरोबर आत, सगळे गेल्यावर बाहेर, डबा तळघरातच. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या प्रोफेसरबाई पहिला आठवडा दौऱ्यावर होत्या. परतल्यावर बोलावतील, आपण होऊन दार वाजवणं बरं दिसत नाही, म्हणून मामा वाट पाहत बसले. दोन महिने! या काळात त्यांना ओळखणारा एकच जीव, झाडूवाल्या बाई. त्यांना ते कपाटं दुरुस्त करणारे वाटत. दोनदा त्यांनी मामांकडून अडकलेले खणही सोडवून घेतले होते.

आज ऑफिसातून मेल आली: पाहुणे संशोधक रुजू झालेले दिसत नाहीत, सोमवारपासून त्यांची जागा दुसऱ्याला. मामांनी कळवलं, 'मी रुजू आहे.' उत्तर आलं, 'कुणी पाहिलेलं नाही. साडेदहाला कॉफीला या, प्रोफेसरबाई तिथेच भेटतात.'

"चल, तालीम," म्हणत भाचीनं खुर्चीत बसून पायावर पाय टाकला. "मी प्रोफेसरबाई. काय, कसं चाललंय?"

मामा सुरी ठेवून ताठ उभे राहिले. "आजअखेर सहाशे बारा नमुने तपासले असून त्यांपैकी—"

"अरे देवा! बस खाली! तोंडी परीक्षा आहे का? नुसतं 'छान चाललंय' म्हण आणि हवेवर बोल."

"हवेवर काय बोलू? हवा आहे."

"मामा!"

"बरं बाई. छान चाललंय, गारठा फार. पण जागेचं कधी विचारू?"

"एवढ्यात नाहीच! आधी दोन-चार दिवस माणसांना दिस."

"उद्या शुक्रवार आहे गं!"

शुक्रवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून साडेदहाला हजर. टेबलाभोवती अकरा जण. झाडूवाल्या बाईंची बातमी इथवर पोचली होती. एकानं सरकून जागा दिली. "कपाटाचं झालं का काम?"

मामा वही सावरत बसले.

"कसं चाललंय?" प्रोफेसरबाईंनी विचारलं.

"छान चाललंय. गारठा फार."

खिडकीबाहेर रणरणतं ऊन होतं; गारठा काय तो तळघरात. सगळे अर्ध्या बाह्यांत. सगळं टेबल खदखदून हसलं. मामांनाही हसू आवरेना, आणि त्या हसण्यात भाचीची तालीम पार वाहून गेली.

"बाई, मी कपाटवाला नाही. मी तुमच्याकडे आलेला विद्यार्थी. दोन महिने खाली बसतोय. सोमवारी माझी जागा काढू नका." त्यांनी वही पुढे सरकवली.

बाई पानं उलटू लागल्या. बारीक अक्षर, प्रत्येक नोंदीशेजारी तुऱ्याचं चित्र. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"चारशे सात. 'नाव चुकलेलं'?"

"हो."

"जुनं खोडून हे नाव मी दिलंय."

शेजाऱ्याचा कप हवेतच राहिला. न बोलावता दार न वाजवणारे मामा आता मात्र म्हणाले, "तरी चुकलंय. तुऱ्याच्या बुडाशी केस आहेत. भिंगाखाली दिसतात."

"नक्की?"

"नक्की. आणि बाई, माझी जागा?"

बाईंनी कॉफी तशीच ठेवली, वही उचलली आणि 'चला, आधी चारशे सात दाखवा, मग जागेचं' म्हणत तळघराच्या जिन्याकडे निघाल्या.