होडीची डावी बाजू

आमच्या पाड्यावर होडी म्हणजे आंब्याचं एक अख्खं खोड, आतून कोरलेलं. फळ्या नाहीत, खिळे नाहीत. वडिलांनी कोरलेली होडी माझ्याहून वयाने मोठी होती. ज्या उन्हाळ्यात आईचं डायलिसिस सुरू झालं, नेमकी त्याच उन्हाळ्यात ती तळाशी उभी चिरली. आईला आठवड्यातून दोनदा नाशिकला न्यायचं. उन्हाळ्यात जीप दारापर्यंत येते, पण पावसात रस्ता ओढ्यांनी खाल्लेला असतो. मग धरणाचं पाणी ओलांडून पलीकडच्या डांबरी सडकेला लागायचं, दुसरी वाट नाही. होडी नाही तर आई नाही, इतकं ते सरळ होतं.

दादाने बांधावरचा आंबा पाडला. वडील कधीच गेलेले, पाड्यातली गडीमाणसं बांधकामावर शहरात.

आमच्याकडे रीत अशी, की खोड कोरण्याआधी पाण्यात सोडायचं. ते आपणच वळतं आणि जी बाजू खाली धरून थांबतं, तो होडीचा तळ. लाकडाची जड बाजू माणसाला दिसत नाही, पाण्याला कळते. पण पाणी होतं कुठे? धरण आटून लांब गेलेलं, मध्ये गुडघाभर गाळ. आमचं पाणी तिकडे नाशिकच्या गंगापूर रोडला गाड्या धूत होतं आणि इथे आम्ही खोडाकडे बघत उभे. दोघांनी जोर लावला, खोड हललंसुद्धा नाही. मी म्हटलं, थांबू, माणसं परत येऊ देत. दादा म्हणाला, ती पावसाबरोबरच येणार, मग कोरायचं कधी? त्याचंही खरं होतं. त्याने खोड ठोकून पाहिलं, हात फिरवला आणि अंदाजाने तळ ठरवला.

मग नुसती घाई. आत विस्तव घालायचा, जळलेलं वाकसाने तासून काढायचं, पुन्हा विस्तव. कडा जळू नयेत म्हणून मी त्यांना ओलं शेण थापत होते. दादाचे तळहात सोलले. सगळा तालुका पावसाची वाट बघत होता आणि मी त्याच पावसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

पाणी चढलं, होडी उतरवली आणि ती उजवीकडे कलली. दादाने उजवी बाजू आतून तासली, आणखी तासली असती तर भोकच पडलं असतं. तरी कललेलीच. तो चिखलात बसून रडला. मला रडायला सवड नव्हती, दुसऱ्या दिवशी आईला न्यायचं होतं.

शेवटी आईलाच डाव्या कडेला बसवलं. होडी सरळ झाली.

"जल्मात एवढी उपेगी पडले नव्हते बघ," आई म्हणाली. फार दिवसांनी आम्ही तिघं हसलो.

दादा मागे वल्ह्यावर, मी मध्ये पाणी उपसायला, आई डावीकडे. पण आई आटत चालली होती. श्रावणात होडी पुन्हा कलू लागली. दादाने तिच्या पायाशी एक धोंडा ठेवला. पुढे आणखी एक. डॉक्टरांचं बोलणं आम्हाला निम्मंच कळायचं, होडीचं सगळं कळायचं. एकदा दादा धोंडा हातात घेऊन नुसताच काठावर उभा राहिला.

"ठेव की," आई म्हणाली. "मला काय कळत नाय का?"

पितृपक्षात तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. पाड्यावर फोन लागत नाही. नाशिकातल्या मावशीला तिच्यापाशी बसवून आम्ही दोघं पाड्याकडे निघालो.

होडीत पाय ठेवला तर ती आडवीच होऊ लागली. होते ते धोंडे पुरेनात. धरण भरलेलं, त्या काठाला नुसती माती आणि गवत. दादा वेड्यासारखा दगड शोधत फिरत होता. मी त्याला हाक मारली नाही. उठले आणि आईच्या जागी जाऊन बसले.

आता होडी डावीकडे झुकली. मी आईपेक्षा जड. तिच्या पायाशी ठेवलेले धोंडे दादाने एकेक करून पाण्यात टाकले, तेव्हा कुठे ती सरळ झाली. माझ्याकडे न बघता त्याने वल्हं मारायला घेतलं. आई अजून जिवंत होती आणि मी तिच्या जागेवर बसले होते.