बसा म्हणायचं नाही

आमच्या घरचं वळण असं, की दारात आलेल्याला आधी ‘बसा’ म्हणायचं. ही सवय घेऊन मी साताऱ्याहून चंदीगडला आले. नवरा सेक्टर ३९मधल्या प्रयोगशाळेत गुंतलेला. घरात भिंतींशी किती बोलणार? मी एका छोट्या संस्थेच्या तपासणी केंद्रात समुपदेशक झाले. सेक्टर संपून नुसती ‘कॉलनी’ सुरू होते, तिथे दोन खोल्या. धंदा करणाऱ्या बायका एचआयव्हीसाठी रक्त द्यायला येत. येत कसल्या, आणल्या जात. आणायची ती त्यांच्यातलीच एक, स्वतः अजून धंद्यात असलेली. पिशवीत निरोधची पाकिटं, जीभ तिखट. माझं कुणी ऐकत नसे, तिचं ऐकत.

पहिल्याच आठवड्यात एका बाईला रिपोर्ट देताना मी सवयीनं म्हटलं, "बैठो जी." तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती मटकन जमिनीवरच बसली. रिपोर्ट चांगला होता. ते तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

नंतर बायकांना आणणारी ती पिशवीवाली माझ्यावर भडकली. "दीदी, यहाँ किसी को बैठने को मत बोला करो. ठीक हो तो खड़े-खड़े बता देते हैं. जिसको बिठाया, वो गई समझो."

वाईट रिपोर्ट बसवून सांगायची ही पद्धत माझ्या आधीच्या समुपदेशक बाईंनी पाडली होती, चांगल्या मनानंच. दाराबाहेरच्या रांगेनं तिचा अर्थ लावला. तेव्हा औषधं कॉलनीत कुणाच्याच ऐपतीतली नव्हती, म्हणून अर्थ चुकीचा होता असंही म्हणवेना. मला त्या साध्या लाकडी खुर्चीची भीती वाटू लागली. सकाळी कुलूप उघडलं की आधी नजर तिच्यावरच जायची.

पिशवीवाली स्वतः कधी तिच्यावर बसली नाही. चहासुद्धा दाराला टेकून प्यायची. स्वतःची तपासणीही टाळायची. विषय काढला की हसायची, "मुझे क्या होना है, यार." शेवटी कॉलनीतल्या एकीनं तोंडावर विचारलं, आमचं रक्त काढवतेस, तुझं कुठंय? त्या दिवशी तिनं रागारागानं हात पुढे केला.

रिपोर्ट आला त्या दुपारीही धुकं हटलं नव्हतं. मी तो वाचला आणि मला आधी तिचाच राग आला, मग रडू. एवढंच ठरवलं, की हिला बस म्हणायचं नाही.

ती आली, दाराला टेकली. तिच्यामागे दोघी-तिघी शाली गुंडाळून थांबल्या होत्या. तिला उभ्यानंच सांगावं म्हणून मीही उठले. रिपोर्ट देताना मी कधीच उठत नसे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं.

तिनं दार लोटलं, पिशवी खांद्यावरून उतरवली, खुर्ची ओढली आणि बसली.

"आप भी बैठो, दीदी," ती म्हणाली.