दारावरचा खडू

माझ्या सासूबाई आरोग्य मंडळात एकतीस वर्षं एकच काम करतायत. घरोघरी जायचं, साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते टॉर्च मारून बघायचं आणि दारावर खडूने तारीख टाकायची. लोक त्यांना 'डासबाई' म्हणतात. तोंडावर दार लावून घेतात, आणि डास वाढले की मंडळाच्या नावाने खडे फोडायला हेच पुढे.

परवा त्या पाय ओढत परतल्या. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं, तर म्हणाल्या, "आरोग्य मंडळाकडून आलेय. पाणी कुठे साठवता?"

"अहो आई, हे आपलंच घर आहे."

चपला काढता काढता त्या थांबल्या. "असू दे. दाखव तरी."

मागच्या पिंपाचं झाकण मी उचललं. ते घासायचं काम माझं. टॉर्चच्या उजेडात अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप ओतलं, घासलं, पालथं घातलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मग आमच्या दारावर तारीख टाकली आणि खडू पिशवीत ठेवत म्हणाल्या, "तू निदान दार तरी उघडलंस."