ताईची सागवानी जमीन

माझी मोठी बहीण घरातल्या समोरच्या खोलीत मुलींना कथक शिकवायची. खाली शहाबादी फरशी. त्या दगडावर पाय आपटून तिच्या टाचा इतक्या दुखू लागल्या की डॉक्टर म्हणाले, एक तर नाच सोडा, नाहीतर ही फरशी. ताईने फरशी सोडायचं ठरवलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा, ताई आणि मी इतवारी बाजाराच्या पलीकडे लाकडाच्या एका टालीवर, म्हणजे वखारीत, गेलो. मालकाने सागवानाच्या तीन थप्प्या दाखवल्या. पहिल्या नंबरच्या फळ्या एकरंगी, सरळ रेषांच्या, गाठ शोधूनही सापडायची नाही. दुसऱ्या नंबरात लहान घट्ट गाठी आणि रंगाचा फरक. तिसऱ्यात भेगा, गाठीही सैल.

"पहिलाच घ्या जी," मालक बाबांना म्हणाला.

"काहून? दुसरा कमजोर आहे का?" ताईने विचारलं.

"कमजोर नाही. सागवान तेच, वाळवलेलंही सारखंच. फरक दिसण्याचा."

"मले दिसण्याशी काय करायचं? मले नाचायचं आहे!"

तिने दुसऱ्या नंबरच्या फळ्या जमिनीवर मांडायला लावल्या, चपला काढल्या, पदर खोचला आणि तिथेच पायांनी तत्काराचा ठेका धरला. हमालांनी ओझी खाली ठेवली. लाकूड कापायची आरा मशीनही कोणीतरी बंद केली. बाबा आधी दुसरीकडे बघत होते. मग त्यांचीही मान हलू लागली. नंतर ताईने तिसऱ्या नंबरची एक फळीही मांडून पाहिली, ती मात्र पहिल्याच ठेक्याला खडखडली.

"लोकं ठोकून पाहतात," मालक हसत म्हणाला, "नाचून पाहणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहून राहिलो!"

आम्ही दुसरा नंबर घेतला. घरी आईने कपाळाला हात लावला. "हे काय वं, डागाच्या फळ्या उचलून आणल्या?"

सुताराने खाली पट्ट्या ठोकून फळ्या बसवल्या, वरून जवसाचं तेल पाजलं. ताईने पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा खोलीभर असा भरदार आवाज घुमला, की शेजारच्या काकू पिठाचे हात घेऊनच धावत आल्या. "काय कुटून राहिले वं तुमच्या घरी?" म्हणत आल्या आणि वर्ग संपेपर्यंत दारातच बसून राहिल्या.

ताईच्या टाचा हळूहळू बऱ्या झाल्या. आईचा रागही फार टिकला नाही. दुपारी ती उशी घेऊन त्याच जमिनीवर लवंडायची, आणि मुली घुंगरू बांधून दारात उभ्या राहिल्या तरी उठायची नाही. "थांबा वं पोरींनो," डोळे मिटूनच म्हणायची, "आत्ताच तर झोप लागून राहिली होती."