बेटावर काही नाही

धक्क्यावरचा तिकीटबाबू तीस वर्षं खिडकीतून प्रत्येकाला एकच शहाणपण शिकवी, "बेटावर काही नाही, कशाला जाता?" स्वतः मात्र तिथे कधी गेला नव्हता. निवृत्त झाल्यावर बायको हटूनच बसली, "एकदा तरी सहलीला न्या हो."

बेटावर मोकळा किनारा होता, गार सावली होती. बाबू असा घोरला, की परतीची बोट सुटून गेली. पूर्वी संध्याकाळची आणखी एक असे. प्रवासी मिळेनात म्हणून बंद पडली. ते का मिळेनात, हे आता त्याच्या टाळक्यात शिरलं.

"माझ्याच जिभेनं बोट बुडवली गं."

बायकोने वाळूत ऐसपैस पाय पसरले. "बुडू दे. उद्यापर्यंत मुक्काम मिळाला. तीस वर्षांत तुमची नोकरी पहिल्यांदा माझ्या कामाला आली."